बाईसाहेब पाणी पीत नाहीत!

"मांजर सांभाळायला काही अक्कल लागत नाही!" मी थोरल्या मेहुणीला छातीठोकपणे सांगितलं.

"म्हणूनच हे काम तुम्हाला जमेल," बायको म्हणाली. मला ते कौतुक वाटलं!

मेहुणी आठवडाभर परगावी निघाली आणि तिची लाडकी करडी बाईसाहेब आमच्याकडे आली. दारातून मेहुणीनं बजावलं, "हिला काही झालं, तर तुमचं तोंड पाहणार नाही!"

मी पाण्याच्या वाटीवर पेनानं खूण केली. पहिला दिवस, पाणी खुणेला. दुसरा दिवस, खुणेलाच. तिसऱ्या दिवशी एक मुंगळा बुडाला म्हणून पाणी उलट वर चढलं!

"तहान नसेल तिला," बायको म्हणाली.

"तीन दिवस? अगं, एवढ्यात उंटानंसुद्धा बोंब मारली असती!"

मी वाटी बदलली, पातेलं ठेवलं, परात ठेवली. शेवटी स्वतः चार पायांवर ओणवा होऊन परातीतलं पाणी जिभेनं पिऊन दाखवलं. नेमके तेव्हाच, आमच्याकडेच राहणारे सासरे स्वयंपाकघरात आले.

"जावईबापू, ग्लास सापडत नाहीये का?"

चौथ्या दिवशी बाईसाहेबांना टोपलीत कोंबलं, हातावर सात ओरखडे मिळवले आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचं घर गाठलं. त्यांनी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. चटकन जागेवर! हिरड्याही ओल्याचिंब.

"हिच्या अंगात पाणी भरपूर आहे."

"पण ती पीतच नाही हो!"

"अहो, रक्तात मीठ जरा वाढलं की मेंदू तहान लावतो. मग जनावर पितं. पाणी रक्तात पोचायच्या आधीच, नुसत्या घोटांवरून मेंदू 'पुरे' म्हणतो, आणि ते थांबतं. इतकं चोख काम असतं. थोडं पाणी हिला ओल्या खाण्यातून मिळतं. बाकीचं ही कुठेतरी पितेय. वाटीवर कसला पहारा देताय? मांजरीवर द्या!" मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "आणि स्वतः जरा पाणी प्या. ओठांची सालं निघालीत तुमच्या!"

तिच्या तहानेच्या काळजीत मी स्वतःच प्यायचं विसरलो होतो!

घरी येऊन सोफ्यामागे दबा धरला. दुपारी बाईसाहेब उठल्या, ऐसपैस आळस दिला आणि थेट सासऱ्यांच्या खोलीत शिरल्या. सासरे घोरत होते. उशाशी स्टूल, स्टुलावर ग्लास आणि ग्लासात त्यांची कवळी! बाईसाहेबांनी दातांना मिशा घासत लपलप पाणी प्यायला सुरुवात केली.

"बाबा!" मी किंचाळलो.

सासरे दचकून उठले. मांजर पाहिली, ग्लास पाहिला आणि बोळक्या तोंडानं खदाखदा हसले.

"तरीच! चार दिवस बघतोय, उठावं तर ग्लास अर्धा. मला वाटलं, दातांनाही तहान लागते!"

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर दोन ग्लास ठेवले. एक दातांसाठी, एक मांजरीसाठी. बाईसाहेबांनी दोन्ही नीट हुंगले आणि दातांचाच पसंत केला.