सरासरी श्वास

मी फक्त रिकाम्या चौकोनांत ३८० लिहिलं. एवढंच. कुणाच्या घरात शिरलो नाही, कुणाचं काही उचललं नाही. तरी आज माझ्यावर जी वेळ आली आहे, ती वैऱ्यावरही येऊ नये.

मी पाणीपुरवठा खात्यात मीटर रीडर आहे. माझ्याकडे हमरस्त्यालगतची घरं. दिवसभर ट्रकांच्या धुरात झपझप चालायचं, ओणवं होऊन मीटरची काच पुसायची, आकडा लिहायचा. त्यात मला जन्मापासून ॲलर्जी. (वडिलांच्या इस्टेटीतलं माझ्या वाट्याला एवढंच आलं.) बसून असलो तर शिंकांवर भागतं, पण धुरात चार पावलं भरभर टाकली की छातीत घरघर सुरू.

कचेरीत टेबलाचं काम हवं, तर डॉक्टरचा कागद हवा. डॉक्टरीणबाईंनी मला एक प्लास्टिकची नळी दिली. जोरात फुंकलं की काटा सरकतो, तो आकडा तक्त्यात लिहायचा.

"पंधरा दिवस कामावर निघताना फुंका आणि घरी आल्या आल्या फुंका," त्या म्हणाल्या. "भरभर चालताना आपण तोंडाने श्वास घेतो. नाकाची गाळणी चुकवून धूर थेट आत जातो. तुमच्या श्वासनळ्या आधीच हळव्या, त्या आवळतात. परतल्यावरचा आकडा खाली आलेला दिसला, की मी लगेच लिहून देते."

पहिल्या दिवशी जाताना ३८०, येताना ३१०.

"अहो, सत्तरने घसरला!" बायको टाळ्या पिटत म्हणाली. (लग्नानंतर माझ्या कर्तबगारीवर ती प्रथमच खूश झाली होती.)

तिसऱ्या दिवशी हमरस्त्यावर गाड्या तुंबल्या. दोन तास सगळ्यांची इंजिनं चालू आणि मधून मी. घरी पोचलो तेव्हा फुंकणं सोडाच, 'पाणी' एवढा शब्दही तोंडातून निघेना. औषधाचा पंप तोंडात ओढला आणि आडवा झालो. खरं सांगतो, फार घाबरलो होतो. हवा एवढी फुकट मिळते, पण मला घोटभर मिळेना.

संध्याकाळी तक्ता पाहिला, तर चौकोन रिकामा. मीटर रीडरला रिकामा चौकोन बघवत नाही. आमच्याकडे घराला कुलूप असलं, की मागच्या रीडिंगवरून सरासरी टाकतात. माझी छातीही त्या दिवशी बंदच होती. मी सकाळचंच ३८० टाकलं.

"अहो, पण फुंकलात कधी?"

"सरासरी आहे."

"श्वासाची?"

"नियमच आहे तसा," मी म्हणालो.

पुढे ज्या ज्या दिवशी जीव कासावीस झाला, त्या त्या दिवशी सरासरी टाकली. तसे दिवस बारा निघाले.

डॉक्टरीणबाईंनी तक्त्यावरून नजर फिरवली आणि बंद पाकीट दिलं. मी ते वाटेत दोनदा कपाळाला लावलं. साहेबांनी फोडून वाचलं.

"वा! 'धुरात चालूनही श्वासावर परिणाम नाही. बाहेरच्या कामास उत्तम.' अभिनंदन!"

"साहेब," मी घाईघाईने म्हणालो, "ते आकडे खरे नाहीत. मी मनानेच टाकलेत."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही मीटर न बघता रीडिंग टाकता?"

अकरा वर्षांची नोकरी डोळ्यांसमोरून गेली. त्यातली सगळी कुलूपबंद घरं गेली. आणि उघडी असूनही मी कुलूपबंद दाखवलेली घरंही गेली. (कुत्रा होता हो तिथे.)

"नाही साहेब. आकडे खरे आहेत. छाती ठणठणीत आहे." एवढं बोलायला मला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

"शाब्बास! मग उद्यापासून रस्त्याची पलीकडची बाजूही तुम्हीच घ्या. तिथल्या माणसाला टेबलावर बसवलंय. तोही त्याच डॉक्टरीणबाईंकडे जातो. बिचारा तक्ता कोराच घेऊन गेला. त्या म्हणाल्या, ज्याला फुंकायचंही बळ उरत नाही, त्याला रस्त्यावर कसं पाठवायचं?"