बोरकुटे सरांचा रिपोर्ट

बोरकुटे सर कॉम्प्युटरच्या नव्या अपडेटला जावई म्हणतात. जावई पहिले आठ दिवस गोड बोलतो आणि नवव्या दिवशी ताटातली भाजी बाजूला सारतो, तसंच अपडेटचं असतं, असं त्यांचं मत. म्हणून रायपूरच्या ज्या कॉलेजात ते लॅब सांभाळतात, तिथे कुठलंही अपडेट आलं की ते आधी सरांच्या स्वतःच्या टेबलावरच्या मशीनवर उतरतं. मशीनवर पाटी लागते: ‘पाहुणे आले आहेत.’ आठ दिवस दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सर दिवसातून तीनदा समोर बसतात, प्रिंट काढून पाहतात, जुन्या फाइली उघडतात, हिंदी टाइप करून पाहतात आणि वहीत लिहितात, ‘आज प्रिंटरशी बोलला नाही.’ दुसऱ्या दिवशी, ‘बोलला, पण तोंड वाकडं.’ नवव्या दिवशी ठरतं, घरात घ्यायचा की दारातून परत पाठवायचा.

मूळचे ते भंडाऱ्याकडचे. वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले आणि इथलेच झाले. उंच, वाकलेले, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि अत्तराचा फाया. मशीनचा मागचा पंखा घरघरायला लागला की डोळे मिटून कान देतात आणि मग निदान सांगतात. त्यांचं एक वाक्य सगळ्या कॉलेजला पाठ आहे: “चालून राहिलं ना? मंग काहून हात लावता?”

एकदा एका तरुण प्राध्यापकाने सरांना न विचारता वर्गातल्या कॉम्प्युटरवर अपडेट घेतलं आणि प्रोजेक्टरने मान टाकली. सर ओरडले नाहीत. चहा घेऊन त्याच्या खोलीत गेले, शेजारी बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “कसं झालं हो? काल संध्याकाळपर्यंत तर चांगला होता.” प्राध्यापक महिनाभर लॅबच्या बाजूने गेला नाही.

हे सगळं मी कौतुकाने सांगतोय असं समजू नका. या माणसाने माझं नाव खराब केलं होतं.

माझं तात्यापाऱ्यात कॉम्प्युटरचं दुकान आहे. कुणी मांडून दिलेलं नाही. पंडरीच्या बाजारात कापडाचे गठ्ठे उचलता उचलता मी हा धंदा शिकलो. त्या कॉलेजला मी चाळीस कॉम्प्युटर दिले आणि लायब्ररीसाठी पुस्तकं देण्याघेण्याचा नवा प्रोग्रॅमही दिला. बोरकुटे सरांनी एकोणचाळीस मशीनं एकेक करून तपासली, घासाघीस करून माझ्याकडून चार जादा केबल काढल्या आणि सही केली. चाळिसावं मशीन होतं लायब्ररीच्या काउंटरचं. त्यावर त्यांनी लेखी रिपोर्ट दिला: ‘जुन्या पुस्तकांच्या नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये येत नाहीत. मेळ बसत नाही. जुनं मशीन पुढील सूचनेपर्यंत तसंच ठेवावं.’

एका मशीनने माझं काही बिघडत नव्हतं. पण रायपुरात कॉलेजवाले एकमेकांशी बोलतात. आठवड्यात दुसऱ्या एका कॉलेजचा फोन आला, “भैया, सुना है आपके प्रोग्राम में पुराना रिकॉर्ड नहीं चढ़ता?” आणि बोरकुटे सर मशीनबद्दल कधी खोटं लिहीत नाहीत, हे त्यांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत सगळ्यांना ठाऊक झालेलं. त्यांच्या कागदापुढे माझ्या शब्दाला कोण विचारतो?

मी लायब्ररीच्या नोंदींची नक्कल दुकानात नेली आणि रात्रभर जागूनही नाही, सरळ दुपारच्या जेवणाच्या आत सगळ्या नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये चढवल्या. एक पुस्तक गळलं नाही. म्हणजे रिपोर्ट खोटा होता, आणि ज्याला लॅबमधल्या प्रत्येक स्क्रूचं नाव माहीत आहे, त्याला ते माहीत असणारच. माझ्या डोक्यात जाळ झाला. मी प्राचार्यांकडून चार वाजताची वेळ घेतली. म्हटलं, त्यांच्यासमोरच दाखवतो.

दोन वाजताच लायब्ररीत पोहोचलो. जुनं मशीन एकदा डोळ्यांखालून घालायचं होतं. काउंटरवर फुलेश्वरी दीदी बसल्या होत्या. वर्षानुवर्षं त्याच बसतात, पन्नाशीच्या पुढच्या, कंत्राटावर, बोलणं छत्तीसगढी. एक मुलगी पुस्तक घेऊन आली आणि शाळेत पाढे म्हणावेत तशी ओरडली, “कार्ड तीन शून्य सात! किताब चार दो एक एक!” दीदींची बोटं झरझर चालली. मशीन एकदा ‘टिंग’ वाजलं. “हो गे, जा.”

मला त्या ओरडण्याचं नवल वाटलं. मी एक पुस्तक उचललं आणि मुद्दाम उलटं पुढे केलं. काही बोललो नाही.

“नंबर बोलो भैया.”

“लिखा तो है दीदी, ऊपर ही.”

“इहाँ बोले बर पड़थे. बोरकुटे सर के नियम हे.”

मी नंबर बोललो. त्यांनी टाइप केला. ‘टिंग’. मग पुस्तक उघडलं आणि तारखेचा शिक्का मारला. उलट्या पानावर, उलटाच. आणि हसून पुस्तक माझ्या हातात दिलं.

मी माल पारखून पोट भरणारा माणूस. कीबोर्ड पाहिला. तीन बटणांवर फेव्हिकोलसारख्या कशाचे तरी सुकलेले थेंब होते, बोटाला लागतील एवढे. स्क्रीनकडे दीदींनी एकदाही पाहिलं नव्हतं. माझ्याकडेही पाहिलं होतं ते आवाजाच्या दिशेने.

“शेठ, जरा बाहेर या.” मागे बोरकुटे सर उभे होते.

वॉटर कूलरजवळ आम्ही थांबलो. मी म्हटलं, “सर, सगळ्या नोंदी येतात. पेनड्राइव्ह खिशात आहे.”

“माहीत आहे. मी बी आणून पाहिल्या. पहिल्याच दिवशी आल्या.”

“मग खोटं का लिहिलंत?”

“तुमच्या प्रोग्रॅममधी माउस लागते. बाण कुठं आहे ते दिसावं लागते.” सर कूलरच्या नळाकडे पाहत बोलत होते. “साखरेनं तिच्या डोळ्याचा पडदा गेला. माणसाचा आकार दिसते, अक्षर नाही दिसत. जुन्या प्रोग्रॅमची बटणं तिच्या बोटात बसली आहेत. एकदा टिंग म्हंजे झालं, दोनदा म्हंजे चुकलं.”

“त्यांनी सांगितलं तुम्हाला?”

“नाही. तिले वाटते कोणालेच माहीत नाही. तसंच राहू द्या.”

“आणि नंबर ओरडायचा नियम? ते थेंब?”

“थेंब सगळ्याच कीबोर्डांवर लावले. लॅबमधी बी पोट्टे नंबर ओरडूनच सांगतात. एकाच टेबलावर केलं असतं त समजली नसती का ती?”

मला आणखीच राग आला. खरं सांगतो, दया नंतर आली, राग आधी. “आणि माझं नाव, सर? बाजारात माझ्या मालाला लोक नावं ठेवून राहिले, त्याचं काय? तुम्हाला पुण्य करायचं होतं तर स्वतःच्या खात्यावर करायचं!”

“ते चुकलंच माझं,” सर म्हणाले. “मार्चमधी तिचं कंत्राट नवं होते. कोणी तक्रार केली की गेलं. पोट्टी नर्सिंग शिकून राहिली तिची, दीड वर्ष बाकी आहे. चार वाजता तुम्ही सांगून द्या, बोरकुटेनं खोटं लेहलं. मी नाही म्हणणार नाही. फक्त काहून लेहलं, ते नका सांगू.”

बावीस वर्षांचा शब्द त्या माणसाने कूलरवर ठेवला, पेला ठेवावा तसा.

चार वाजता प्राचार्यांच्या खोलीत आम्ही दोघं. सर दाराशी हात बांधून उभे. प्राचार्य म्हणाले, “हाँ जी, बताइए, किसकी गलती है?”

मी पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. “सर, रिकॉर्ड पूरे चढ़ गए हैं, आप देख लीजिए. पर काउंटर पर माउस से काम धीमा होगा, लाइन लगेगी. मैं उसको पुराने जैसा, पूरा कीबोर्ड वाला करके देता हूँ. एक महीना लगेगा.” मग मला ते वाक्य बोलावं लागलं. आयुष्यात मी कुठल्या गिऱ्हाइकाला असं बोललेलो नाही. “बोरकुटे साहब ने सही रोका था.”

फुकट मात्र सोडलं नाही. बाहेर येताच सरांकडून दुसरा कागद लिहून घेतला, नोंदी येतात म्हणून, आणि त्या दुसऱ्या कॉलेजला फोनही त्यांनाच करायला लावला.

तो महिना मी विसरणार नाही. कंपनीच्या माणसांशी फोनवर भांडून भांडून घसा बसला. जुनीच बटणं, त्याच क्रमाने, आणि चुकलं तर दोनदा टिंग. “सर, आजकल कोई साउंड नहीं रखता,” ते म्हणायचे. मी म्हणायचो, “मैं रखता हूँ!” शिवाय दर अपडेटला त्यांचा एखादा रकाना जागचा हलायचा. तो अडवायचा कसा, हे सरांनी शोधलं.

रविवारी लॅब बंद असते. सर डोळ्यांवर रुमाल बांधून बसायचे आणि मी नंबर ओरडायचो. चुकले की रुमाल न काढता म्हणायचे, “पुन्हा.” एका रविवारी मी म्हटलं, “सर, घरी वाट पाहत असतील.” ते म्हणाले, “घरी कोण आहे, शेठ? कुलूप आहे. ते काही म्हणत नाही.” आणि पुन्हा, “हं, बोला नंबर.” शेवटच्या रविवारी ओळीने शंभर पुस्तकं दिली त्यांनी. एकदाही दोन टिंग नाही.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही काउंटरवरचं जुनं मशीन काढून नवं बसवलं. जुना कीबोर्ड तेवढा ठेवला. सरांनी खुर्चीचं अंतरसुद्धा वितीने मोजलं.

तिसऱ्या दिवशी मी सहज गेल्यासारखा लायब्ररीत गेलो. सर आधीच तिथे होते, वर्तमानपत्र धरून. रांग होती, पोरं ओरडत होती, टिंग, टिंग. एकदा मध्येच दीदी थांबल्या. सरांनी वर्तमानपत्र खाली केलं. दीदींनी पदराने घाम पुसला, पुन्हा बोटं ठेवली. टिंग.

मग रांग संपली, तेव्हा त्या आमच्या दिशेने वळल्या. “बोरकुटे सर, सबो डहर नवा मसीन लग गे. मोर नवा मसीन कब आही?”

त्या विचारत होत्या ते नवं मशीन, चाळिसावं, त्यांच्या पुढ्यातच होतं, माझ्या दुकानाचा लाल स्टिकर लावलेलं. मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण वर्तमानपत्र माझ्या दंडावर टेकवलं. मी तोंड मिटलं.

“आ जाएगा दीदी,” ते म्हणाले. “जल्दी क्या है?”

“हव,” दीदी म्हणाल्या. “मोर ये जुन्ना बढ़िया चलत हे.”