पाहुण्यांची भांडी

"गरम पाण्याच्या झऱ्यांनाच जाऊ या," असं यानासे तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा अध्यक्षीणबाईंनी त्यांच्यापुढे चहाचा पेला सरकवला. आमच्या ज्येष्ठ मंडळात पुढ्यात चहा आला, की आपलं बोलणं संपलं असं समजायचं.

"दर वर्षी झरे, दर वर्षी झरे!" कोमोदा म्हणाले. "उकडलेल्या बटाट्यासारखी साल सुटायला आलीय माझी. यंदा जरा कला होऊ द्या, संस्कृती होऊ द्या! कामातानीला जाऊ, कुंभारांच्या गावात. भट्टी बघायची, चाक फिरवायचं, आपल्या हाताने भांडं करायचं. हात वर करा बघू!"

सगळे हात वर गेले. यानासेंचा तेवढा मांडीवर राहिला. आणि सगळ्यांत उंच गेलेला हात त्यांच्या शेजारी बसलेल्या फुसाएबाईंचा, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बायकोचा होता.

घरी आल्या आल्या यानासे कडाडले, "अगं, वेड लागलंय का तुला? कामातानी?"

"मग काय झालं? तुमचंच तर गाव आहे."

"म्हणूनच म्हणतोय ना!"

शिगेरू यानासे हे कामातानीच्या कुंभारांच्या घरातले, हे मंडळात कोणाच्या गावीही नव्हतं. माणसाने जन्मभर प्लॅस्टिकच्या बादल्या आणि टब विकले, एवढंच लोकांना ठाऊक. ज्या घरात पणजोबांच्या पणजोबांपासून मातीत हात होते, त्या घरातल्या धाकट्याने प्लॅस्टिक विकायचं, म्हणजे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतंच ते.

गाव सोडण्याचं कारण तर त्याहून लाजिरवाणं. भट्टी विझल्यावर तिचं तोंड लगेच उघडायचं नसतं. तिला तिच्या कलाने निवू द्यावं लागतं. हे कामातानीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या वेळी गावाला येणाऱ्या बसमध्ये फुसाए नावाची एक कंडक्टर होती. तिने एका दुपारी सहज विचारलं, "भट्टीच्या आत कसं दिसतं हो?" तरुण माणसाला एवढं पुरे होतं. शिगेरूने तोंडावरच्या विटा काढल्या, गार वारा आत शिरला, आणि सगळ्या हंगामाची भांडी एकामागून एक टणाटण तडकली. वडील खापरं वेचत बसले. थोरला भाऊ इवाओ मात्र गरजला, "पुन्हा भट्टीच्या आसपास दिसलास तर याद राख! चालता हो!" शिगेरू चालता झाला. दुपारच्याच बसने, कारण कंडक्टर ओळखीची होती.

"मी फक्त कसं दिसतं एवढंच विचारलं होतं," फुसाएबाई अजूनही म्हणतात.

चाळीस वर्षं उलटली. मधे वडिलांच्या अंत्यविधीला दोघे भाऊ भेटले, ते एकमेकांकडे पाठ करूनच बसले. नववर्षाचं कार्ड तेवढं न चुकता यायचं, तेही वहिनीच्या अक्षरातलं. पुढे वहिनी गेली आणि कार्डही थांबलं. तेव्हापासून यानासेंना एकाच गोष्टीने पोखरलं होतं. दादा कसा असेल? एकटा काय जेवत असेल? एकदा त्याला बघावं, घर बघावं, असं फार वाटे. पण ते 'चालता हो' पुन्हा ऐकायची छाती होत नव्हती.

"अहो, पैसे भरून आलेल्या पाहुण्याला कोणी हाकलतं का?" फुसाएबाई म्हणाल्या. "गुपचूप जायचं, बघायचं, यायचं. तोंडाला मास्क लावा. देवदाराच्या परागांनी सध्या निम्मा देश मास्क लावून शिंकतोय, तुम्हाला कोण ओळखणार?"

"नुसतं बघून यायचं," यानासे म्हणाले. "लांबून."

सहलीच्या दिवशी मास्क, टोपी आणि काळा चष्मा लावून यानासे बसमध्ये बसले. एखाद्या बँकेवर दरोडा घालायला निघालेल्या आजोबांसारखे दिसत होते. बस शहराबाहेर पडली आणि सहलीची गाईड होरी हसत हसत प्रत्येकाच्या हातात एक बिल्ला देत आली. बिल्ल्यावर ठसठशीत अक्षरात आडनाव.

"सगळ्यांनी छातीवर लावा हं. म्हणजे तिथल्या कुंभार गुरुजींना तुम्हाला नावाने हाक मारता येईल."

 यानासेंनी पलीकडच्या खुर्चीवरच्या कोमोदांना कोपराने ढोसलं. "कोमोदा, आजचा दिवस यानासे व्हा."

"आँ? ते कशाला?"

"विचारू नका. संध्याकाळची साकेची बाटली माझ्याकडून."

"साके असेल तर मी तुमची सासूसुद्धा होईन," कोमोदा म्हणाले आणि त्यांनी बिल्ला बदलून घेतला. फुसाएबाईंनी मात्र आपला यानासे नावाचा बिल्ला कोटावर ऐटीत लावला. त्यांना कोण रोखणार?

कामातानीत उतरल्यावर पहिल्यांदा ऐकू आली ती उखळं. ओढ्याच्या काठाने लांबच लांब लाकडी तुळया असतात, त्यांच्या एका टोकाला पाणी भरतं, सांडतं, की दुसरं टोक मातीवर आदळतं. धप्प. जरा वेळाने पुन्हा धप्प. सगळं लहानपण यानासे या आवाजावर झोपले होते आणि याच आवाजावर उठले होते. शहरात आल्यावर पहिले कित्येक महिने त्यांना झोप आली नव्हती, ती का, हे त्यांना आत्ता कळलं. ते रस्त्यातच उभे राहिले आणि त्यांचा मास्क ओला झाला.

"परागांचा त्रास होतोय का काका?" होरीने विचारलं.

"हो गं. फार," यानासे म्हणाले.

गावाच्या तोंडाशीच तोमेआजींचं लोणच्यांचं दुकान. आजी पार वाकल्या होत्या, त्यामुळे त्यांची नजर बरोबर माणसाच्या छातीच्या उंचीवर यायची. ती कोमोदांच्या बिल्ल्यावर आली आणि थबकली.

"यानासे?" आजींनी मान वर केली. "शिगू? अरे मेल्या, शिगू तू?"

कोमोदांनी घाबरून मागे बघितलं. खरे यानासे एका भल्यामोठ्या रांजणाच्या मागे तोंड घालून उभे होते. आता आमच्याकडे एवढ्या वयाच्या बाईला 'आजी, तुम्ही चुकलात' म्हणायची रीत नाही. कोमोदांनी नुसती मान लववली, आणि मान लववली म्हणजे कबूल.

"आला गं बाई, शिगू आला! पण केवढा सुटलास रे! भोपळा झालास नुसता! आणि ही कंडक्टरीण ना?" आजींनी फुसाएबाईंचा हात धरला. "ही बघ, अजून कशी काडीसारखी आहे. लाज वाटत नाही तुला?"

"काय सांगू आजी," फुसाएबाई बिनदिक्कत म्हणाल्या, "ऐकतच नाहीत. सारखं गोड खातात."

रांजणामागून खाकरल्याचा आवाज आला.

आजींनी कोमोदांना बसवलं आणि मुळ्याचं लोणचं, भाताचे लाडू, चहा, पुन्हा लोणचं असा मारा सुरू केला. भोवती सगळं मंडळ जमलं. "कोमोदा, तुम्ही इथले? आणि यानासे कधीपासून?" अध्यक्षीणबाई त्यांच्या कानाशी कुजबुजल्या. कोमोदांचं तोंड भरलेलं होतं, त्यामुळे त्यांनी पुन्हा मान लववली.

"हा काय बोलणार?" आजी म्हणाल्या. "लहानपणी हा कालवलेल्या मातीच्या हौदात पडला होता. पार केसांपर्यंत माखलेला. आईने वाळायला चुलीपाशी उभा केला, तर सगळं गाव बघायला आलं. म्हटलं, यानासेंनी नवीन मूर्ती केली की काय! इवाओ तर विचारत होता, याला भट्टीत कधी घालायचं?"

सगळे पोट धरून हसले. कोमोदा हसले. रांजणामागे यानासेही हसून हसून खोकायला लागले.

"आणि मग त्यानेच तुला खांद्यावर घेऊन ओढ्यावर नेलं," आजी म्हणाल्या. "एवढ्या थंडीत स्वतः पाण्यात उभा राहून धुतलं. नंतर तापाने फणफणला तो. तू ठणठणीत!"

रांजणामागचं हसू थांबलं. यानासेंना मूर्तीची गोष्ट आठवत होती, ओढ्याची नव्हती. इतक्या वर्षांत दादाचं ते एक वाक्य मनात धरून बसलो आणि हे कसं विसरलो, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात तोमेआजी उठल्या आणि त्या वयात शोभणार नाही अशा वेगाने उतारावरून निघाल्या. "इवाओ! ए इवाओ! शिगू आलाय!"

कोमोदांच्या घशात लाडू अडकला. ते यानासेंना बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, हा इवाओ कोण? मारणारा आहे का?"

"माझा भाऊ. मला मारेल. तुमचं सांगता येत नाही."

"मग मी आत्ताच सांगून टाकतो."

"दोन बाटल्या, कोमोदा."

"तीन," कोमोदा म्हणाले आणि बिल्ला सरळ केला.

कारखान्याच्या दारात इवाओ उभा होता. वाळलेला, ताठ, डोक्याला टॉवेल बांधलेला. त्याने कोमोदांचा बिल्ला वाचला, मग चेहरा बघितला, मग पुन्हा बिल्ला वाचला. सगळं मंडळ बघत होतं. आजींनी डोळ्यांना पदरासारखं एप्रन लावलं होतं. इवाओ कमरेत वाकला आणि म्हणाला, "लांबून आलात. या, बसा."

संपलं. मागे उभ्या यानासेंनी टोपी आणखी खाली ओढली. दादाला आपला धाकटा भाऊ आला असं वाटतंय, आणि तो त्याच्याशी असा परक्यासारखा वागतोय!

चाकं मांडलेली होती. पाहुणे बसले आणि मातीची दैना सुरू झाली. इवाओ एकेकाच्या मागे जाऊन उभा राही आणि गोड बोले. अध्यक्षीणबाईंचा वाडगा एका अंगाला झुकला होता. "वा! फार नाजूक कल आहे." फुसाएबाईंच्या बशीला मधोमध भोक पडलं होतं. "छान. हवा खेळती राहील." कोमोदांनी पेला करायला घेतला होता, त्याचं जे काही झालं होतं त्याला नाव नव्हतं. "यानासेसाहेब, असं काम मी आजवर पाहिलं नाही," इवाओ म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

यानासेंनी ठरवलं होतं की आपलंही भांडं होता होईल तो वाईट करायचं. पण माती हाताला लागली आणि हातांनी त्यांचं ऐकणं सोडलं. बाकीचे माती थापटत होते. यांचे तळवे तिला दाबून, वळवून, घडीवर घडी घालत होते, आणि गोळ्यावर मुरलेल्या कुंभारालाच जमतात तशा शेवंतीच्या पाकळ्या उमटत होत्या. त्यांनी घाईघाईने त्या पुसल्या. चाकावर बसल्यावर पायाने आपणच लय धरली. वाडगा वर येऊ लागला. चष्मा घसरला, मास्क हनुवटीवर आला, आणि त्यांना भान राहिलं नाही.

मागे कोणीतरी बराच वेळ उभं होतं.

"हे काय चाललंय?"

यानासेंनी पटकन मास्क वर ओढला.

"काठ बघ! बूड बघ, किती जाड! कोपर मांडीला टेकवायचं असतं ना? अंगठा कुठे गेला? गाढवा, किती वेळा सांगायचं रे?" आणि लाकडी पट्टी सण्णकन कोपरावर बसली.

कारखान्यातली सगळी चाकं थांबली. होरीचा चेहरा पांढराफटक पडला. "गुरुजी, अहो, हे कोमोदाकाका, आमचे पाहुणे..."

इवाओने बिल्ल्याकडे नजरही टाकली नाही. तो पुढच्या माणसाकडे वळला आणि मधाळ आवाजात म्हणाला, "वा! किती सुरेख!"

निघताना त्याने सगळ्या बसला वाकून निरोप दिला. यानासेंकडे मात्र बघितलं नाही. परतीच्या वाटेवर मंडळ खवळलं होतं. "म्हाताऱ्या माणसावर हात टाकतो म्हणजे काय?" "नाव मोठं म्हणून माज आलाय!" यानासे कोपर चोळत खिडकीबाहेर बघत होते.

"ओळखलं त्यांनी," फुसाएबाई हळूच म्हणाल्या.

"ओळखलं म्हणूनच मारलं," यानासे म्हणाले. "राग गेला नाही गं त्याचा. चाळीस वर्षांनी तस्साच आहे."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला भाजलेली भांडी आली. मंडळाच्या खोलीत खोकी फोडायचा समारंभच झाला. अध्यक्षीणबाईंचा वाडगा आला, झुकलेला. फुसाएबाईंची बशी आली, भोकासकट. कोमोदांचं ते जे काही होतं तेही सुंदर हिरव्या झिलईत न्हाऊन, कापसात गुंडाळून आलं. यानासेंचं आलं नव्हतं. खोकी उलटीपालटी केली, गवत झाडलं, नाहीच.

 मी भट्टीच्या आसपास नको होतो, आता माझं भांडंही नको, एवढंच यानासेंच्या मनात आलं, आणि ते चटईच्या कडेशी बोट फिरवत बसले.

फुसाएबाईंना ते बघवेना. त्यांनी खोक्यावरचा नंबर लावला. "भाऊजी, मी फुसाए. थांबा, देते," एवढंच हळूच म्हणून फोन नवऱ्याच्या कानाला लावला.

"दादा," यानासे म्हणाले.

"तुझं मोडलं मी," इवाओ म्हणाला.

"हो. कळलं."

"काय कळलं तुला, डोंबल? बूड जाड होतं, भाजताना फुटलं असतं. पाहुण्यांचं काय, काहीही भाजून देतो. त्यांना त्यातच आनंद. पण यानासेंच्या हातचं वाकडं भांडं या भट्टीतून बाहेर जाणार नाही. बाबा असते तर त्यांनीही मोडलं असतं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "शनिवारी ये. नीट कर. नाही जमलं तर पुढच्या शनिवारी पुन्हा ये. आणि जेवायचं इथेच, शिग्या. एकट्यासाठी शिजवायचा कंटाळा येतो."

फोन केव्हाच बंद झाला, तरी यानासेंनी तो कानापासून काढला नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"काय म्हणाला तो?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"मोडलं म्हणाला."

"मुद्दाम? काय बाई माणूस! मारतो काय, मोडतो काय!"

कोमोदांना राहवलं नाही. त्यांनी आपलं ते हिरवं जे काही होतं ते दोन्ही हातांनी उचललं आणि यानासेंपुढे ठेवलं. "हे घ्या. नाहीतरी यावर तुमचंच नाव आहे. रडू नका हो."

यानासेंनी ते भांडं उलटसुलट करून बघितलं आणि हळूच परत कोमोदांच्या हातात दिलं.

"नको हो कोमोदा," ते नाक पुसत म्हणाले. "हे पाहुण्याचं भांडं आहे." आणि ते शनिवारची बस किती वाजता सुटते, हे विचारायला उठले.