बुधवारचा भोंगा आणि ओडेसाबाईंचा सूर

श्री. ज्याने गळा दिला त्यास एक दंडवत, ज्याने कान दिले त्यास दोन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्र शुद्ध पंचमी, बुधवार, ते दिवशी अमेरिकेत, मक्याचे मुलुखात, ना थोर ना धाकट्या ऐशा एका शहरी, सरकारी हायस्कुलाचे राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

राज्याचे धनी मुख्याध्यापक राजश्री लिंडक्विस्टसाहेब, आणि मुदपाकखान्याच्या मुखत्यार ओडेसाबाई. बाई रविवारी चर्चमध्ये देवाची गाणी गात, आणि गळा ऐसा की आमच्या कीर्तनकारबुवांनीही टाळ थांबवून ऐकावे. जेवणाचे सुटीत मुलांची रांग लागे, मग बाई पळी उगारून गात, "कोण पुढे?" आणि मुले गात, "आम्ही पुढे!" आणि रांग सरके. ऐसा अकरा वर्षांचा रिवाज. आता त्या शहराचा दंडक ऐसा की दर महिन्याचे पहिले बुधवारी, दुपारी एकाचे ठोक्यास, वादळाचा भोंगा वाजवून पाहावा, चालतो की नाही. म्हणोन बुधवारी भोंगा वाजला तर कोणी हातचा घासही थांबवीत नसे.

ते दिवशी शेवटचे वर्षाची, एकाचे पाळीस जेवणारी एकशेचाळीस मुलेमुली जेवण लांबवून व्यायामशाळेचे महाली कागदी चांदण्या टांगीत होती, कां की शनिवारी प्रॉम नामे नाचाचा उत्सव. साहेब जातीने शिडी धरून उभे. वादळाची वर्दी मोबाईलवर यावी, तर मुलांस मोबाईलची मनाई, साहेबांचा कचेरीत राहिलेला, आणि महालास खिडकी एकही नाही. तों एकास भोंगा वाजला आणि कोणी मानही वळविली नाही. इकडे ओडेसाबाई मागील दारी कचरा टाकावयास गेल्या, तों आभाळ शेवाळासारखे हिरवेकाळे, आणि वारा एकाएकी पडलेला; त्या मुलुखी ही चक्रीवादळाची खूण. बाई तैशाच धावत निघाल्या. वाटेत पाहिले, बाकीचे वर्ग शिक्षकांनी खिडकीतून आभाळ पाहोन आतील बोळात बसविले होते, परंतु व्यायामशाळेची आठवण कोणासच नाही. मग बाई महाली शिरोन बोलल्या, "साहेब, पोरे बाहेर काढा!" साहेब हसोन बोलिले, "बाई, आज बुधवार. चाचणी आहे." "आभाळ बिघडले असता चाचणी करीत नाहीत, साहेब! दर ऑगस्टात, शाळा उघडता, भोंग्याचे पत्रक आपणच वाचोन दाखविता. मी ऐकत असते हो!"

साहेबांचा चेहरा पडला, आणि साहेब ओरडू लागले, "चला, चला!" तों पोरे टाळ्या पिटून म्हणतात, "वा सर, काय नाटक करता!" आणि एकही हालेना. मग बाईंनी डोळे मिटले आणि सूर लाविला, "कोण पुढे?" आणि सवयीने एकशेचाळीस गळे उत्तरले, "आम्ही पुढे!" आणि पाय आपोआप रांगेस लागले आणि बाई गात पुढे, पोरे गात मागे, महाल रिता होऊ लागला. शिडीचे टोकावर मारिसोल नामे कन्या राहिली. म्हणे, "सर, एकच चांदणी उरली." साहेब बोलिले, "तिला घेऊन ये बाळे, पण ये!"

बोळात सारी गुडघे टेकून, मानेवर हात धरून बसली आणि आगगाडी डोक्यावरून जावी ऐसा आवाज जाहला. मग शांत. मोजिली, तों एकशेचाळीस. साहेबांनी पुनः मोजिली, तों एकशेचाळीस, आणि साहेब भिंतीकडे तोंड करोन रडले. व्यायामशाळेचे छप्पर नाहीसे जाहले होते, शिडी पिळोन पडली होती. बाई म्हणाल्या, "साहेब, डोळे पुसा. भुकेली आहेत पोरे."

शनिवारी उत्सव भोजनगृहात जाहला, वर मारिसोलची एकच चांदणी. पुढील महिन्याचे पहिले बुधवारी, लख्ख उन्हात, एकास भोंगा वाजला, तों साहेबांनी सँडविच तोंडाशी धरून मुदपाकखान्याकडे पाहिले, आणि सारे भोजनगृह तिकडेच पाहू लागले. ओडेसाबाई मागील दारी जाऊन आभाळ न्याहाळून आल्या आणि पळी हलवून बोलल्या, "जेवा."

सारांश, छप्पर गेले, पोरे राहिली. देव ऐसा सूर सर्वांस ऐकवो. मग साहेब जेवले.