नव्वद सेकंदांच्या आत

चाक पट्टीवर आलं की घड्याळ सुरू होतं.

टोमॅटो नको असल्यास तो आधी घालून मग काढण्यात येतो.

एका मावशींनी ऑर्डर घेणाऱ्या स्पीकरच्या खांबाला “जेवलास का रे बाबा?” असं विचारल्याची नोंद आहे.

नोकरीत कायम झालेल्यांना स्टूल मिळतं.

सॉसच्या पुड्या दोन. तिसरी मागणारा माणूस घरी कसा वागत असेल, याची कल्पना येते.

भुकेला धीर नसतो, हे सर्वमान्य सत्य आहे. (धीर असला की तिला डाएट म्हणतात.) म्हणून माणसानं गाडीतून न उतरता खाण्याची सोय शोधली, आणि आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या बर्गरच्या ड्राइव्ह-थ्रूनं ती पूर्णत्वाला नेली. त्याला टपरी म्हटलेलं मॅनेजरना खपत नाही. ते ‘केंद्र’ म्हणतात.

केंद्राचा सेवेचा सरासरी वेळ बासष्ट सेकंद आहे. एवढ्या वेळात आपल्याकडे साधी चप्पल सापडत नाही. हे कसं साधलं ते बघायला लांबलांबचे मॅनेजर येतात आणि वहीत लिहून घेतात. लिहिण्यासारखं फारसं नाही. खिडकीसमोर रस्त्यात एक पट्टी पुरली आहे. गाडीचं चाक तिच्यावर आलं की सेवा सुरू, चाक उतरलं की सेवा पूर्ण. बर्गर तयार नसला (सहसा नसतो) तर खिडकीवरच्या बाई हसून म्हणतात, “जरा पुढे घेता का? आणून देते.” गाडी पुढे जाते. सेवा पूर्ण होते. बर्गर नंतर येतो.

पुढे पांढऱ्या रंगानं आखलेले सात चौकोन आहेत. तिथे माणसं इंजिन चालू ठेवून सरासरी बावीस मिनिटं बसतात. हा आकडा केंद्राच्या दफ्तरी नाही, आणि ते योग्यच आहे. सेवा मिळून चुकलेला माणूस वाट कशाची पाहणार? उलट चौकोनांचे फायदेच अनेक. तीन नंबरमध्ये एका जोडप्याचं भांडण सुरू होऊन, मिटून, पुन्हा सुरू झालं. सात नंबरमध्ये एका मुलीचा तेराचा पाढा पाठ झाला.

आता बाईंविषयी. सहा महिने त्या खिडकीवर उभ्या होत्या. नियमाप्रमाणे सहा महिने संपले की एक दिवस कसोटी. त्या दिवशी एकही गाडी पट्टीवर नव्वद सेकंदांपुढे राहिली नाही तर माणूस कायम, राहिली तर दुसऱ्या दिवसापासून घरी. नियमावलीत पुढे असंही आहे की ग्राहकाला यातलं काही सांगू नये. (कारण सांगायला सेकंद लागतात.)

कसोटीच्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग एक जुनी करडी गाडी पट्टीवर आली. आत लिफ्ट दुरुस्त करण्यात उभी हयात घालवलेले एक काका आणि शेजारी काकू.

सेकंद बारा.
“काका, जरा पुढे घेता का? पाच नंबरला. आणून देते.”
“बर्गर झाला?”
“होतोय.”
“होऊ दे मग. आम्ही आहोत इथे.”

(चौतीस वर्षं ते लोकांना समजावत आले होते की दिवा लागला म्हणजे लिफ्ट आली असं नसतं, दार उघडलं म्हणजे आली.)

सेकंद एकतीस. मागे हॉर्न.
“अहो, घ्या ना पुढे. लोक बोंबलतायत.”
“बोंबलू देत. आपण खायला आलोय, पुढे जायला नाही.”
“जन्मभर लोकांना वरखाली केलंत. एकदा पुढे गेलात तर काय बिघडेल?”

सेकंद सेहेचाळीस. बाई आत वळल्या. “झाला का हो?”
“होतोय,” आचारी म्हणाला आणि पावांची चळत उगाच नीट केली. काचेमागून मॅनेजरनी चार बोटं दाखवली. म्हणजे चाळीस उरले, की चौथा इशारा, हे बाईंना कळलं नाही.

सेकंद एकोणसाठ. बाई खिडकीतून वाकल्या. “काका, माझी नोकरी आहे हो यावर. नव्वदच्या वर गेलं की संपलं. दोन हात पुढे घ्या, पाया पडते तुमच्या.”

काकांनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.
“मग आधी का नाही बोललीस, पोरी?”
“परवानगी नाही.”

त्यांनी गिअर टाकला. गाडी एक आचका देऊन बंद पडली.

सेकंद बहात्तर. किल्ली. खर्र. किल्ली. खर्र.
“म्हटलं होतं, बॅटरी बदला. माझं कोण ऐकतंय!”
बाई कमरेपर्यंत बाहेर आल्या आणि टपावर दोन्ही तळवे लावून गाडी ढकलू लागल्या. एका बाईनं ढकलून गाडी हलत नाही.

सेकंद सत्त्याऐंशी. मागची गाडी येऊन धडकली आणि तशीच रेटत राहिली. करड्या गाडीचं चाक पट्टीवरून उतरलं.

सेकंद एकोणनव्वद. सेवा पूर्ण.

मागची गाडी तुमची होती. काका अडून बसल्यापासून तुमचा हात हॉर्नवरच होता, आणि मग पाय ब्रेकवरून निघाला. चुकून, असं तुमचं म्हणणं आहे. ते केंद्रानं विनाअट मान्य केलं आहे. तुमच्यामुळे एक बाई कायम झाल्या. पुण्य तुमचं, बंपरही तुमचा.

मग तुमचं चाक पट्टीवर आलं. तोवर स्टूल आलं होतं. त्यावर बसून, धाप लागलेली असतानाच, बाई हसल्या. “जरा पुढे घेता का? सहा नंबर.”

काका निदान मिनिटभर भांडले होते. तुम्ही थँक यू म्हणालात. पाच नंबरमध्ये ढकलत नेलेल्या गाडीचं बॉनेट उघडून काका उभे होते, त्यांच्याकडे न बघता तुम्ही सहा नंबरमध्ये गाडी रेषेच्या आत नीट लावली. मोबाइलवर प्रश्न आला, सेवेचा वेग कसा वाटला? तुम्ही पाचपैकी पाच चांदण्या दिल्यात.

बर्गर भाजायचं ग्रिल एक वाजून पाच मिनिटांनीच बंद पडलं होतं.