दोन राज्यांच्या पवार मॅडम

पवार मॅडमसमोर सुखानं चहा पिता येत नाही. आपण कप उचलला की त्या भाऊ म्हणायच्या खास इंदुरी थाटात म्हणतात, "भिया, आता डाव्या हातानं." चहा शर्टावर सांडतो आणि मॅडम समाधानानं मान डोलावतात. "बघा. आपल्या पेशंटचं रोज असंच होतं."

इंदूरच्या पलासिया भागातल्या आमच्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट, त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा बटण लावायला, स्वतःच्या हातानं जेवायला शिकवायचं, हे त्यांचं काम. इथल्या लालबागच्या मेळ्यात बायका बांगड्या बघतात, मॅडम कुलपं बघतात. प्रत्येक कुलूप एका हातानं उघडून पाहतात. दुकानदाराला संशय येतो.

दुसरा नाद नोंदणीचा, म्हणजे त्या-त्या राज्याच्या कौन्सिलकडून मिळणाऱ्या थेरपीच्या परवान्याचा. मध्य प्रदेशची नोंदणी आहेच, पण महाराष्ट्राचीही त्या न चुकता रिन्यू करतात. इतक्या वर्षांत इंदूरबाहेर त्यांनी एकही पेशंट तपासलेला नाही. आम्ही हसायचो. "राज्य बदललं की माणसाचा अंगठा बदलतो का?" असं पुटपुटत त्या फॉर्म भरायच्या.

मागच्या वर्षी प्राजक्ता ही तरुण थेरपिस्ट लग्न होऊन पुण्याहून इंदूरला आली आणि आमच्या क्लिनिकमध्ये लागली. तिकडच्या कौन्सिलचं ना-हरकत पत्र येईना, त्यामुळे इथली नोंदणी होईना, आणि त्याशिवाय पेशंटला हात लावता येईना. चार महिने नुसती बसून शेवटी ती म्हणाली, "मॅडम, मी ही लाइनच सोडते."

मॅडमनी तिची समजूत काढली नाही. रजा टाकली आणि तिला घेऊन थेट कौन्सिलचं मुंबईचं ऑफिस गाठलं. दोन दिवस तिथल्या बाकावर बसून पत्र घेऊनच परतल्या. त्या बाबूनं सही करताना पेन किती चुकीचं धरलं होतं, हे आम्हाला अर्धा तास ऐकावं लागलं.

प्राजक्तानं पहिला पेशंट घेतला त्या दिवशी मी विचारलं, "मॅडम, एवढी धावपळ कशाला केलीत?"

त्या म्हणाल्या, "लग्नानंतर इकडे आले तेव्हा महाराष्ट्राचं रजिस्ट्रेशन मी सोडून दिलं होतं. मग नागपूरला बाबांना लकवा झाला. दवाखान्यात मी त्यांची बोटं हलवायला घेतली, तर तिथले डॉक्टर म्हणाले, तुमची इथली नोंदणी नाही, मुलगी म्हणून बसा."

"मग?"

"बसले. ते जाईपर्यंत, त्यांचा हात धरून. एकदा बाबा अडखळत म्हणाले, बरं झालं, तू कधी अशी निवांत बसलीच नव्हतीस." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "त्यांना बरं वाटत होतं हो. मलाच नुसतं बसता येत नव्हतं."