सावंतकाकांचा पिवळो दिवो

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सकाळी सातला बाकीचे लोक देवाला फुलं वाहतात, सावंतकाका गाडीच्या टायरांची हवा मोजतात. पट्ट्यांचा लेंगा, हातात गेज आणि चारी चाकांपुढे पाळीपाळीने उकिडवे. "बत्तीस म्हणजे बत्तीस! एकतीस म्हणजे काय माहितीय? बेजबाबदारपणा!" हे ते मला ऐकवतात, कारण माझ्या टायरांत हवा किती आहे हे मी गाडी घेतल्यापासून पाहिलेलं नाही.

अशा माणसाच्या डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा पेटला. चारी चाकांत बत्तीस, तरी दिवा पेटलेलाच. नाक्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, "काका, दिव्यावर चिकटपट्टी मारा." काका आता त्याच्याशी बोलत नाहीत.

निदान त्यांनी स्वतःच केलं. "चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकतो ना? म्हणजे हवा बरोबर आहे रे, चाकातला सेन्सर मेलाय." एवढं कळायला तीन आठवडे लागले. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात ते पहिल्याच पानांत होतं, पण छापलेल्या गोष्टींवर काकांचा विश्वास नाही.

तोवर इलाज म्हणून मालवणी गाराणं. बॉनेटवर नारळ ठेवून काका हात जोडायचे, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेक काय बाधा इली असात ती दूर कर, ह्यो पिवळो दिवो विझव रे म्हाराजा!" गाराण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणारं कुणीतरी लागतं. आमचा बिहारी वॉचमन "जी साब" म्हणायचा. देव बहुधा तिथेच गोंधळला.

"एवढी घाई कसली, काका?" मी विचारलं.

"रविवारी गावी तुझ्या काकूचं वर्षश्राद्ध आहे."

"मग एसटीने जा ना."

"गाडीनेच जाणार. आणि दिवा पेटलेला असताना तुझी काकू गाडी गेटबाहेर काढू द्यायची नाही."

गुरुवारी नवा सेन्सर बसला. दिवा तसाच. नव्या सेन्सरची गाडीशी ओळख व्हायला दहा मिनिटं न थांबता चाळीसच्या वर चालवावी लागते म्हणे. मुलुंडात! इथे माणसाला फुटपाथवरून दहा मिनिटं सलग चालता येत नाही.

म्हणून शनिवारी उजाडताच आम्ही हायवेला लागलो; दिवा विझला की परत फिरायचं ठरलं होतं. मी डाव्या सीटवर. पाठीमागे काकूंची छोटी उशी होती, ती काढायला गेलो तर काका म्हणाले, "राहू दे."

काटा पन्नासवर आला आणि काकांनी गाराणं सुरू केलं. "...गाडयेक सुखरूप गावाक पोचव रे म्हाराजा!" आणि थांबले. मला वाटलं, शब्द विसरले.

"पुढचं ती म्हणायची रे," काका रस्त्याकडे बघत म्हणाले. "तिथेच बसून."

आम्ही साताऱ्याकडचे, आमच्यात गाराणं नसतं. तीन आठवडे या माणसाची टिंगल केल्याची मला लाज वाटली. मी घसा खाकरला आणि ओरडलो, "व्हय म्हाराजा!" आवाज चांगलाच चिरकला.

ऐरोलीचा फाटा बराच मागे पडल्यावर दिवा विझला. मी बोट दाखवलं. काकांनी पाहिलं, मान हलवली, पण गाडी वळवली नाही.

"परत एकदा म्हण रे," ते म्हणाले.